उपयोगी पडणारी भेसळ



भेसळ हा शब्द आपल्या कानांवर चांगल्या अर्थाने सहसा पडत नाही. दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेचा चुरा, बियाण्यात पोचट दाणे. भेसळ म्हटली की असलेच काही तरी डोळ्यांपुढे येते. पण शास्त्रज्ञ मुद्दाम मोजूनमापून करतात अशीही एक भेसळ आहे. तिच्यामुळे एका पांढऱ्या भुकटीला नवा गुण येतो आणि त्याबरोबर एक-दोन अवगुणही येतात. या दोहोंचा हिशेब आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले त्याला एक कारण घडले. आमच्या ओळखीचे एक सरपंच आहेत. सारे त्यांना आबा म्हणतात. एके दिवशी ते माझ्याकडे आले आणि त्यांनी खिशातून एक पुडी काढली. पुडीत बेसनासारखी फिकट पिवळी भुकटी होती.

आबा म्हणाले, ‘सर, गावात एक माणूस आला होता. म्हणतो, ही भुकटी टाकीच्या तळाला लावा, उन्हानं पाणी आपोआप शुद्ध होतं. टी.सी.एल. नको का उकळणं नको. ग्रामपंचायतीनं घ्यावी काय?’

बरोबरच्या कागदावर ‘नायट्रोजनयुक्त टायटॅनियम डायऑक्साइड’ असे छापले होते. नाव खरे होते. त्यामागचे शास्त्रही खरे होते. मग आबांना उत्तर काय द्यायचे? ते शेवटी सांगतो. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

टायटॅनियम डायऑक्साइड आपण रोज पाहतो, फक्त त्याचे नाव आपणांस ठाऊक नसते. भिंतीचा पांढरा तेलरंग, पांढरे प्लास्टिक, चांगला कागद, दाताची पेस्ट, यांचा पांढरेपणा बहुतेक याच भुकटीचा. पूर्वी या कामी शिशाचा सफेता वापरीत. तो विषारी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही नवी भुकटी कारखान्यांतून निघू लागली आणि हळूहळू तिने सफेत्याची जागा घेतली.

ती येते कोठून? काळ्या वाळूतून! रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूत काळ्या रंगाचे पट्टे दिसतात. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर तर अशी वाळू विपुल आहे. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते. लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे ते संयुग. 1791 साली विल्यम ग्रेगर नावाच्या एका इंग्रज पाद्र्याला कॉर्नवॉलमधल्या अशाच काळ्या वाळूत या नव्या धातूचा सुगावा लागला. 1795 साली जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोट याने त्याला टायटॅनियम हे नाव दिले. काळ्या वाळूतले लोखंड काढून टाकले आणि उरलेल्यावर पुढची प्रक्रिया केली की दुधासारखी पांढरी भुकटी हाती येते.

आता हिचा दुसरा गुण पाहा. उन्हाच्या बाजूच्या खिडकीला दिलेला पांढरा रंग काही वर्षांनी हाताला खडूसारखा लागतो, हे आपण पाहिले असेल. ऊन-पावसाने रंग जुना होतो हे तर झालेच; पण या भुकटीचाही त्यात हात असतो. ऊन पडले की ती आपल्याभोवतीचे तेल आणि राळ हळूहळू जाळते. येथे जाळणे म्हणजे ज्वाळा नव्हे, तर ऑक्सिजनशी संयोग घडवून आणणे. हे टाळण्यासाठी आज रंगाचे कारखाने भुकटीच्या प्रत्येक कणावर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ लेप देतात.

रंगवाल्यांना हा दोष वाटला, शास्त्रज्ञांनी त्यात गुण पाहिला. 1938 साली लंडनमध्ये गुडईव्ह आणि किचनर या दोघांनी ही भुकटी प्रकाशात रंगद्रव्याचा रंग उडवते, याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे विद्यार्थी होंडा या आपल्या गुरूंच्या हाताखाली काम करीत होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश पाडला, तर पाण्याचे ऑक्सिजन आणि हायड्रोजन असे विघटन होते, हे त्यांनी 1972 साली जगापुढे मांडले. पुढच्याच वर्षी जगात तेलाची टंचाई झाली आणि ऊन पाडून पाण्यातून इंधन काढणाऱ्या या पदार्थाकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. अशा पदार्थाला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता दुसऱ्याचे काम जलद करणारा. येथे त्याला काम करायला प्रकाश लागतो, एवढाच फरक.

हे घडते कसे? आपल्या जुन्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. खाली ओटी आहे, वर माळा आहे, मध्ये शिडी नाही. भुकटीच्या कणातले इलेक्ट्रॉन ओटीवर दाटीने बसलेले आहेत. माळा रिकामा आहे. प्रकाशाच्या कणाचा धक्का बसला की ओटीवरचा एखादा इलेक्ट्रॉन उडी मारून माळ्यावर जातो आणि त्याच्या जागी ओटीवर एक खड्डा पडतो. माळ्यावरचा इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनच्या हाती लागतो. खाली पडलेला खड्डा शेजारच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. या दोन्ही क्रियांतून असे काही तीव्र रासायनिक तुकडे तयार होतात की ते जवळ आलेल्या रंगद्रव्याला, तेलाला, जंतूंच्या आवरणालाही फोडून टाकतात. पुरता वेळ मिळाला तर सेंद्रिय पदार्थाचे शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते.

अडचण आहे ती माळ्याच्या उंचीची. या भुकटीची ॲनाटेज आणि रुटाइल ही दोन रूपे नेहमी वापरात असतात. ॲनाटेजमध्ये ओटी आणि माळा यांतले अंतर 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते, रुटाइलमध्ये 3.0. शिक्षकांसाठी एक सोपा हिशेब सांगतो. 1240 या आकड्याला हे अंतर भागले की प्रकाशाची लांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. 1240 भागिले 3.2 म्हणजे सुमारे 388. याचा अर्थ, 388 नॅनोमीटरहून आखूड लहरींचा प्रकाश असेल तरच ॲनाटेजमधला इलेक्ट्रॉन माळ्यावर पोचतो. आपला डोळा साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा प्रकाश पाहतो. तेव्हा या भुकटीला लागणारा प्रकाश आपल्या दृष्टीच्या पलीकडचा, अतिनील, ज्याला जुन्या पुस्तकांत जंबुपार म्हणत.

आणि उन्हात हा अतिनील प्रकाश असतो किती? जमिनीवर पोचणाऱ्या ऊर्जेचे शंभर भाग केले तर त्यांतले जेमतेम 4-5. दृश्य प्रकाशाचे भाग मात्र 40 हून अधिक. म्हणजे ताटात वाढलेल्या जेवणातली एक कोशिंबीर खावी आणि बाकी ताट तसेच परत करावे, असा या भुकटीचा प्रकार झाला. घरातल्या एल.ई.डी. दिव्यात तर अतिनील जवळजवळ नसतेच. मग दवाखान्याच्या खोलीत तिचा उपयोग काय? दृश्य प्रकाशातही हिला कामाला लावता येईल काय, या प्रश्नातून भेसळीची कल्पना पुढे आली.

थोड्याशा भेसळीने पदार्थाचा रंग पालटतो, ही गोष्ट निसर्गाने आधीच करून ठेवली आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक बिनरंगी असतो. त्यात थोडे क्रोमियम शिरले की त्याचे माणिक होते. लोखंड आणि टायटॅनियम शिरले की नीलम होतो. रंग आला याचा अर्थ तो स्फटिक आता दृश्य प्रकाशातला काही भाग शोषू लागला. मग पांढऱ्या भुकटीतही लोखंड, क्रोमियम, व्हॅनेडियम घालून पाहण्यात आले. 1994 साली अमेरिकेत चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी एक-दोन नव्हे, 21 धातूंची भेसळ करून तपासणी केली. लोखंड, व्हॅनेडियम अशा काहींनी काम वाढवले; कोबाल्ट आणि ॲल्युमिनियम यांनी उलट कमी केले. प्रमाणही अगदी थोडे लागले. अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. जेवणात मीठ असते तसे.

दुसरी वाट नायट्रोजनची. 1986 साली जपानमध्ये सातो नावाच्या संशोधकाने अमोनियाच्या द्रावणाचा वापर करून ही भुकटी तयार केली, तेव्हा ती पिवळसर झाली आणि दृश्य प्रकाशातही काम करू लागली. त्या वेळी तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 2001 साली जपानमधल्याच टोयोटा कंपनीच्या प्रयोगशाळेतून असाही आणि त्यांचे सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. स्फटिकातल्या काही ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसवला, तर ही भुकटी 500 नॅनोमीटरपर्यंतच्या, म्हणजे निळ्या प्रकाशातही काम करते, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर जगभर या कामाला जोर आला. नायट्रोजन घालायला अमोनियात तापवणे हा एक मार्ग; आणि आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा युरिया मिसळून भट्टीत भाजणे हा दुसरा, स्वस्त मार्ग. तो घरी करून पाहण्याचा मात्र नव्हे. त्यातून निघणारा वायू डोळ्यांना आणि छातीला बाधतो.

नायट्रोजन करतो काय? पुन्हा आपल्या घरात चला. माळा होता तेथेच आहे. नायट्रोजनने ओटीवर मधून मधून एकेक पाट ठेवला. पाटावर उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रॉनला माळा जवळ झाला. त्याला आता निळ्या प्रकाशाचा बेताचा धक्काही पुरतो. भुकटी निळा प्रकाश गिळू लागली, आणि जो प्रकाश उरला तो आपल्या डोळ्यांना पिवळसर दिसतो. आबांच्या पुडीतला बेसनाचा रंग तो हाच.

येथवर सगळे गोड झाले. आता दुसरी बाजू.

पहिली गोष्ट, पाट थोडे आहेत आणि ओटी मोठी आहे. दृश्य प्रकाश शोषला जातो, पण बेताचाच. दुसरी गोष्ट, खड्डा ओटीच्या जमिनीत पडला तर तो खोल असतो, आणि जितका खोल तितकी त्याची ओढ जास्त. पाटावर पडलेला खड्डा उथळ. पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची त्याची ताकद कमी, आणि तो पाटावरच अडकून पडतो, पृष्ठभागाकडे सरकत नाही. तिसरी गोष्ट हिशेबाची. ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो. तीन ऑक्सिजनच्या जागी दोनच नायट्रोजन बसतात आणि एक जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा म्हणजे वाटेतला खळगा. माळ्यावरचा इलेक्ट्रॉन त्यात पडतो आणि बाहेर जाऊन काम करण्याऐवजी खालच्या खड्ड्यात परत जाऊन बसतो. दोघांची गाठ पडली की प्रकाशाची कमाई नुसत्या उष्णतेत जाते. शुद्ध भुकटीतही अशा गाठी पडतातच, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात पडतात. भेसळीने त्या वाढतात. धातूंची भेसळ जास्त झाली की हेच होते.

यावर उपायही शोधले गेले. नायट्रोजनबरोबर फ्लोरिन घालावे, म्हणजे एकाकडे एक इलेक्ट्रॉन कमी तर दुसऱ्याकडे एक जास्त, आणि तराजू सम राहतो. 2011 साली अमेरिकेत हायड्रोजनच्या दाबाखाली तापवून या भुकटीचे काळे रूप तयार करण्यात आले. ते जवळजवळ सगळाच दृश्य प्रकाश गिळते. पण गिळलेले सगळे अंगी लागते असे नाही, हे आपण माणसांतही पाहतो! युरियावाल्या भुकटीची तर आणखी मौज आहे. 2008 साली जर्मन संशोधकांनी दाखवले की तिचा पिवळेपणा पुष्कळदा स्फटिकात शिरलेल्या नायट्रोजनचा नसतोच. युरिया भाजताना त्याचाच एक पिवळा पदार्थ बनतो आणि कणांना चिकटून बसतो. म्हणजे पिवळा रंग पाहून आत काय आहे हेदेखील सांगता येत नाही. मग ती काम किती करील हे कसे सांगणार?

आता आबांच्या पुडीकडे वळतो, आणि माझी एक चूक कबूल करतो. कॉलेजात मी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे फिकट द्रावण बाटलीत घेतले, चिमूटभर भुकटी टाकली आणि बाटली गच्चीवर उन्हात ठेवली. दुपारपर्यंत निळा रंग गेला. मी खूश होऊन आबांना फोन केला, ‘भुकटीत दम आहे.’

संध्याकाळी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी बाटली हातात धरून म्हणाली, ‘सर, भुकटी न टाकलेली बाटली कुठंय?’

ती मी ठेवलीच नव्हती. वीस वर्षे मुलांना जे शिकवतो तेच मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही चार बाटल्या भरल्या. एकीत नुसता रंग, उन्हात. दुसरीत रंग आणि पिवळी भुकटी, उन्हात. तिसरीत रंग आणि पिवळी भुकटी, पण काळ्या कागदात गुंडाळून. चौथीत रंग आणि साधी पांढरी भुकटी, उन्हात. काय दिसले? नुसता रंगही उन्हाने थोडा उडाला. अंधारातल्या बाटलीतलाही रंग कमी झाला, कारण तो भुकटीला चिकटला होता. गाळून पाहिले तर भुकटीच निळी झालेली. आणि पांढऱ्या भुकटीने पिवळीला मागे टाकले! उन्हात थोडे का होईना, अतिनील असतेच, आणि त्या कामात पांढरी अधिक तरबेज. मग आम्ही चारही बाटल्या एल.ई.डी. दिव्याखाली रात्रभर ठेवल्या. तेथे पिवळी पुढे गेली, पण थोडीशीच. त्यातही एक शंका उरली. निळा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि आपला इलेक्ट्रॉन भुकटीला देऊन स्वतः नासतो. म्हणून नुसत्या रंगाच्या परीक्षेवर भुकटीला उत्तीर्ण करता येत नाही. ज्याला रंगच नाही असा पदार्थ घेऊन पुन्हा तपासावे लागते.

मी त्याच रात्री आबांना पुन्हा फोन केला आणि कालचे बोलणे मागे घेतले. ते हसले. म्हणाले, ‘बरं झालं, ठराव उद्या होता.’

मग आम्ही दोघांनी टाकीचाच विचार केला. ही भुकटी प्रकाश पडला तरच काम करते, आणि टाकीला तर झाकण असते. झाकण काढले तर शेवाळ आणि डास. प्रकाश पोचला तरी तिने तयार केलेले तीव्र तुकडे क्षणभरही टिकत नाहीत. ते कणाच्या अंगाला लागून असलेल्या पाण्यापुरतेच. हजारो लिटर पाणी तळाच्या लेपाला कधी शिवणार? टी.सी.एल.ची गोष्ट वेगळी. ते पाण्यात विरघळते, अंधारात काम करते, आणि त्यातला थोडा क्लोरीन नळाच्या तोंडापर्यंत टिकतो. शिपाई नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो, तो या उरलेल्या क्लोरीनसाठीच. पिवळ्या भुकटीमागे असे काहीही उरत नाही. नळात पुढे घाण शिरली तर राखणदार कोणी नाही.

यावरून ही भुकटी कुचकामी असे मात्र कोणी समजू नये. तिची जागा वेगळी आहे. अंगावर पातळ लेप असावा, त्यावर प्रकाश सरळ पडावा आणि मळ थोडा असावा, तेथे ती शोभते. 2001 पासून बाजारात आलेली स्वतः स्वच्छ होणारी खिडकीची काच, 2003 साली रोममध्ये खुले झालेल्या एका चर्चच्या भिंतींचे पांढरे सिमेंट, ही त्याची उदाहरणे. ती दोन्ही मुख्यतः अतिनीलवर चालतात. घराच्या आत, दिव्याच्या उजेडात असेच काम व्हावे म्हणून भेसळीचे प्रयोग चालू आहेत, आणि ते चालू राहिले पाहिजेत.

शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे की चार बाटल्यांचा हा प्रयोग त्यांनी शाळेत करून पाहावा. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू बहुधा असतोच, पांढरी भुकटी रसायनांच्या दुकानात मिळते. भुकटी हुंगू नये, आणि प्रयोगाचे पाणी विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नये. पिवळी भुकटी मिळाली नाही तरी पांढरीवर काम भागते. बिनभुकटीची आणि अंधारातली, या दोन बाटल्या मात्र गाळू नका.

आणि गावकरी मंडळींनी, पाणी शुद्ध करणारे काहीही विकायला कोणी दारी आले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. हे न वापरता ठेवलेल्या पाण्याचे काय झाले? पाण्याचा रंग गेला की जंतू गेले, याची तपासणी कोणी केली? आणि शुद्ध झालेले पाणी घरी पोचेपर्यंत शुद्ध कशाने राहील? आबांनी त्या माणसाला हे तिन्ही प्रश्न विचारले. तो कागद आणून दाखवतो म्हणून गेला, तो अजून आलेला नाही. टाकीत टी.सी.एल. पडते आहे.